एका अंगणात दोन कोंबडे

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण आपण पुढाऱ्यांना ऐकवतो, लपवाछपवी करणाऱ्या नातेवाइकांना ऐकवतो आणि प्रसंगी घरातल्या थोरामोठ्यांनाही. पण म्हणीतल्या त्या म्हातारीने कोंबडे झाकले कशाखाली, आणि झाकण्याची कल्पना तिला सुचली कुठून, हे सहसा कुणी विचारीत नाही. झाकायची वस्तू घरात तयार होती म्हणूनच ते सुचले. ती वस्तू म्हणजे बांबूच्या पट्ट्यांचे डालगे. मुंगसापासून पिल्ले वाचवायला, खुडूक कोंबडी बसवायला आणि भांडणारा कोंबडा वेगळा काढायला अशा तिन्ही कामांना ते उपयोगी पडे. यांपैकी तिसऱ्या कामाचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. राजेरजवाड्यांच्या झुंजींवर पुष्कळ लिहिले गेले. पण परसातल्या पाच-सात कोंबड्यांत दोन नर झाले की घरच्या बाईने काय करायचे, हा प्रश्न बखरीत बसणारा नव्हे. तरीही तो बराच जुना आहे, आणि त्याच्यामागे धर्म, कायदा आणि विज्ञान या तिघांच्याही पाऊलखुणा दिसतात.

प्रश्न साध्या हिशेबातून उभा राहतो. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवली की एकविसाव्या दिवशी पिल्ले फुटतात. घार, मुंगूस आणि पाऊस यांच्या तावडीतून वाचलेल्यांत साधारण निम्मे नर निघतात. आठ-दहा कोंबड्यांना एक नर पुरतो, म्हणजे बाकीचे सगळे जास्तीचे. दीड-दोन महिन्यांत तुरे तांबडे होऊ लागतात, आणि चार-पाच महिन्यांत हे भाऊ-भाऊ मानेची पिसे फुलवून समोरासमोर उभे राहतात. मग एकच नर ठेवून बाकीचे का काढून टाकीत नाहीत? तर ‘मर’ येते म्हणून. राणीखेत रोगाची साथ वाडीवर आली की रात्रीत खुराडे रिकामे होते, एकुलता एक कोंबडा गेला तर पुढची अंडी फळत नाहीत. म्हणून शहाणी गृहिणी एक जास्तीचा हाताशी ठेवी, आणि हा हाताशी ठेवलेलाच सगळ्या भांडणाचे मूळ ठरे.

कोंबडा मुळात भांडखोर आहे का? याचे उत्तर शोधायला रानात जावे लागते, आणि आपल्याला ते फार लांब नाही. सत्तरीच्या म्हादई अभयारण्यात किंवा मोलेच्या भगवान महावीर अभयारण्यात पहाटे जो फाटक्या आवाजात ओरडतो तो करडा रानकोंबडा. आपल्या घरच्या कोंबड्याचा मुख्य पूर्वज मात्र तो नव्हे. तो मान तांबड्या रानकोंबड्याचा, जो गोव्यात नाही, उत्तरेत आणि ईशान्येकडे आहे. कलकत्त्याच्या एडवर्ड ब्लिथने पाठवलेल्या माहितीच्या आधारे चार्ल्स डार्विनने १८६८ साली सगळ्या कोंबड्यांचे मूळ तांबड्या रानकोंबड्यात असल्याचे मांडले. ते बहुतांशी खरे ठरले. पण २००८ साली एक गंमत उघड झाली: पिवळ्या पायांचा गुण या करड्या सह्याद्रीवासीयाकडून आलेला आहे. डिचोलीच्या बाजारात कोंबडीचे पाय पिवळे आहेत का म्हणून उलटीसुलटी करून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसले तरी तो आपल्याच डोंगरातली वंशावळ तपासत असतो. माणसाळवण्याचा काळही पूर्वी समजत होते तितका जुना नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीचा सर्वांत जुना निश्चित पुरावा थायलंडमधील बान नोन वाट येथला, इसवी सनपूर्व १६५० ते १२५० या दरम्यानचा. भाताची शेती आली, रानकोंबडा दाण्याच्या आशेने खळ्यावर आला आणि राहिला. भात आणि कोंबडा यांची सोबत आपल्या कोकणी माणसाला निराळी समजावून सांगायला नको.

रानात नर आपापला मुलूख राखतो. दुसरा शिरला तर झटापट होते, आणि ज्याला आपण हरलो हे कळते तो झुडपात पळतो. जिंकणारा चार पावले पाठलाग करतो आणि परततो. भांडण संपते ते एकाने दुसऱ्याला मारले म्हणून नव्हे, एकाला पळायला जागा होती म्हणून. परसात चिऱ्याचा गडगा आहे, गडग्यापलीकडे शेजाऱ्याचा कोंबडा आहे, दाणे एकाच जागी टाकलेले आहेत. हरलेला पळतो आणि फिरून तिथेच येतो. जिंकणाऱ्याला वाटते, हा पुन्हा आव्हान द्यायला आला. परसातल्या मारामारीचे सारे मर्म इथे आहे, आणि आजवर माणसाने कोंबड्यांच्या भांडणाबाबत जे जे केले त्याचे दोनच प्रकार पडतात: पळायची वाट मोकळी करणे, किंवा ती मुद्दाम बंद करणे.

बंद करणाऱ्यांना ग्रंथात जागा मिळाली. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत मेंढे, कोंबडे आणि लावे झुंजवण्याची कला आहे. दंडीच्या दशकुमारचरितात प्रमती श्रावस्तीच्या वाटेवर व्यापाऱ्यांच्या वस्तीत झुंज पाहतो आणि ‘नारिकेळ’ जातीच्या बलदंड कोंबड्यासमोर ‘बलाका’ जातीचा सोडलेला पाहून हसतो. शेजारचा म्हातारा त्याचे हसणे ओळखतो, त्याला विडा देतो, आणि त्या ओळखीतून पुढची कथा घडते. जोड लावण्याची पारख ही त्या काळीही विद्या होती हे यावरून दिसते. धर्मशास्त्राने मात्र हे डोळ्याआड केले नाही. निर्जीव फाशांचा खेळ ते द्यूत आणि सजीव प्राण्यांवर पैज ते समाह्वय असा भेद करून मनुस्मृतीने दोन्ही राजाने बंद करावेत असे सांगितले. राजांनी ऐकले नाही. तमिळनाडूत विळुप्पुरम् जिल्ह्यातल्या अरसलापुरम् येथे पाचव्या शतकाच्या सुमाराचा एक वीरगळ आहे, आणि तो वीर माणूस नसून कोंबडा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लखनौला नवाब आसफउद्दौला आणि कर्नल मॉर्डंट यांनी लावलेल्या झुंजीचे योहान झोफनीने काढलेले चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. ज्या इंग्रजांनी ही करमणूक इथे मनमुराद केली त्यांच्याच देशात १८३५ साली ती कायद्याने बंद झाली.

आपल्या शेजारच्या तुळुनाडूत तिला ‘कोरी कट्ट’ म्हणतात; आंध्रात संक्रांतीला कोणत्या दिवशी कोणत्या रंगाचा कोंबडा जिंकेल हे सांगणारे कुक्कुटशास्त्रही आहे. कानडी शेजारी कोंबड्याला ‘हुंज’ म्हणतो आणि आपण त्याच्या भांडणाला ‘झुंज’. शब्दांचा संबंध काही नाही, आपली झुंज संस्कृत युद्धातून आली. पण दोन्ही भाषा घरात असलेल्या मुलाला तो एकच शब्द वाटला तर त्याला दोष देववत नाही. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांना झुंजवणे गुन्हा ठरवले. गोव्यात १९९६ साली उच्च न्यायालयाने धिरयोवर बंदी घातली तेव्हा चर्चा बैलांचीच झाली, कोंबड्याचे नाव फारसे कुणी काढले नाही. सिंधुदुर्गात कोंबड्यांच्या झुंजीवर छापा पडल्याची बातमी मात्र अधूनमधून येत असते. माझे मत स्पष्ट आहे: पायाला काती बांधून रिंगणात उभा केलेला कोंबडा शूर नसतो. त्याला पळू दिलेले नसते एवढेच.

आता दुसऱ्या बाजूकडे. भांडण मुळातच उपटून काढण्याचा उपाय म्हणजे नर खच्ची करणे. हा किती जुना असावा? अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी कोरलेल्या, स्पष्ट आज्ञा आहे की कोंबडे खच्ची करू नयेत. बैल, बोकड, मेंढे, डुकरे यांच्या बाबतीत सम्राटाने फक्त ठरावीक तिथी-नक्षत्रांपुरती मनाई केली. कोंबड्याला मात्र सरसकट अभय दिले. हा भेद का, याचे कारण लेखात नाही. मला वाटते ते शस्त्रक्रियेतच आहे. बैलाचे वृषण बाहेर असतात, कोंबड्याचे पोटात, पाठीच्या कण्यालगत. त्याला खच्ची करायचे तर बरगड्यांमधून पोट उघडावे लागते, आणि त्यात किती मरत असतील याचा अंदाज कुणालाही येईल. युरोपात ही रीत टिकली. पोर्तुगालमधल्या फ्रियामुंड गावी खच्ची कोंबड्यांची जत्रा भरते, तिला राजा पाचव्या जॉनने १७१९ साली मान्यता दिली. म्हणजे १७८१ मध्ये डिचोली घेणाऱ्या पोर्तुगिजांच्या मायदेशी हा व्यापार चांगलाच रुळलेला होता.

याच शस्त्रक्रियेने एका शास्त्राचा पाया घातला. १८४९ साली जर्मनीतील गटिंगेन येथे आर्नोल्ड बर्टहोल्ड या प्राध्यापकाने सहा तरणे कोंबडे घेतले. दोघांना पुरते खच्ची केले. ते गुमान झाले, तुरे लहान राहिले, आरवणे दुबळे झाले. उरलेल्या चौघांचेही वृषण कापले, पण एकेक वृषण पोटात भलत्याच जागी परत बसवला, दोघांत स्वतःचा आणि दोघांत एकमेकांचा. हे चौघे पूर्ववत आरवू लागले, कोंबड्यांमागे धावू लागले आणि हटकून भांडू लागले. जुन्या नसा तुटलेल्या असताना हे घडले, तेव्हा संदेश रक्तातूनच जात असला पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला. ‘हॉर्मोन’ हा शब्द १९०५ मध्ये रूढ होण्याच्या अर्धशतक आधीची ही गोष्ट आहे.

पुढचे पाऊल नॉर्वेच्या शेल्डेरुप-एब्बे याने टाकले. लहानपणापासून कोंबड्यांची टिपणे ठेवणाऱ्या या माणसाने १९२२ साली जर्मन भाषेतल्या निबंधात दाखवले की कळपात कुणी कुणाला टोचायचे याचा क्रम ठरलेला असतो. माद्यांचा क्रम वेगळा, नरांचा वेगळा. प्रत्येक पक्षी दुसऱ्याला चेहऱ्याने ओळखतो, एकदा निकाल लागला की रोज लढावे लागत नाही. घराघरांतल्या बायकांना हे निबंधावाचून कळत होते. एकत्र वाढलेले भाऊ बाहेरून आणलेल्या नरापेक्षा बरे नांदतात. जखमी कोंबडा आठवडाभर वेगळा ठेवून परत सोडला तर तो परका ठरतो आणि पहिल्यापासून सुरुवात होते. म्हणून त्याला डालग्याखाली कळपाच्या नजरेसमोरच ठेवायचे, आणि सोडायचा तर रात्री, खुराड्यात सगळे डोळे मिटून बसल्यावर. दाणे दोन ठिकाणी टाकायचे, मध्ये लाकडांचा भारा किंवा केळीचे आळे यावे अशा बेताने, म्हणजे हरलेल्याला आडोसा मिळतो. रक्त दिसले की बाकीचेही टोचतात, म्हणून आधी जखमेवर हळद. यातला प्रत्येक उपाय पळायची वाट मोकळी करणारा आहे.

म्हणीचेही शास्त्र २०१३ मध्ये सापडले. जपानच्या नागोया विद्यापीठात अंधूक प्रकाशाच्या खोलीत ठेवलेले कोंबडेसुद्धा आतल्या घड्याळाने वेळेवर आरवले. २०१५ मध्ये त्याच संशोधकांनी सांगितले की पहाटे आधी आरवतो तो क्रमातला पहिला, आणि बाकीचे आपापल्या पायरीने त्याच्यामागून. पहिल्याला उचलून नेले तर दुसरा सुरुवात करतो. म्हणजे कोण वरचढ आहे हे अंथरुणातून न उठता कळते.

तरी जास्तीच्या नराचा शेवट बहुतेक घरी सुरीनेच होत आला, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याला निमित्तेही हाताशी होती: पाहुणा, आषाढाची अखेर, आणि पेडणे-डिचोलीपासून दोडामार्गापर्यंत राखणदाराला द्यायचा कोंबा. भांडण विकोपाला जाण्याआधी देवाच्या नावाने एक कमी होई, आणि घरात कुणाला दोषही लागत नसे. पण शिरगावात हे उत्तर चालत नाही. लईराई मोगऱ्याच्या कळ्यांची देवी, तिला रक्ताचा नैवेद्य नाही. तिच्या गावात जीव मारण्याचा विषयही जपून काढावा लागतो. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेआधी धोंड व्रताला बसतात आणि गोव्यातल्या, सिंधुदुर्गातल्या, बेळगावकडच्या पुष्कळ धोंडांच्या घरी त्या दिवसांत सुरी फळीवर राहते. आता तिथी मोजून पाहा. पौषात फुटलेली पिल्ले वैशाखात बरोबर चार महिन्यांची होतात. भांडायला लागण्याचा मुहूर्त आणि सुरी बंद असण्याचा मुहूर्त एकच.

त्या दिवसांत मग डालगीच कामाला येत. एक नर सकाळी मोकळा आणि दुसरा झाकलेला, दुपारनंतर उलट. डालगे एकच असेल तर एकाच्या पायाला मऊ चिंधी गुंडाळून वर सुंभ बांधायचा आणि फणसाच्या सावलीत, पाण्याच्या करवंटीपाशी ठेवायचा; दोरी आखूड, नाहीतर गळ्याला अडकते. शेजारणीला नर हवा असेल तर पंचमीपर्यंत उसना द्यायचा. हल्ली हैदराबादची वनराजा किंवा बंगळूरूची गिरिराज पाळणाऱ्यांचे नर गावठीपेक्षा वजनाने बरेच जास्त असतात. हलक्या गावठी नराबरोबर त्यांची गाठ घालू नये, आणि पाळण्यासाठी पिल्ले विकत घ्यायचीच तर सगळी एकाच वेळी, एकाच वयाची घ्यावीत. जत्रा झाली, धोंड घरी परतला, की मग दोघांपैकी कोण राहणार हे घरातली माणसे बसून ठरवतात.