गावाकडचं बंद घर रिकामं करायला किती खर्च येतो? संपूर्ण हिशोब आणि घ्यायची काळजी

आजी-आजोबा गेले, मुलं पुण्या-मुंबईला किंवा तालुक्याच्या गावी स्थायिक झाली आणि गावातल्या घराला कुलूप लागलं. अशी घरं आता प्रत्येक गावात गल्लोगल्ली दिसतात. पाच-दहा पावसाळे गेले की माळवद गळतं, भिंतीला पोट येतं आणि शेजारी तक्रार करायला लागतात. कुणाला त्याच जागेवर घरकुल बांधायचं असतं, तर कुणाला वाटण्या करायच्या असतात. मग घर रिकामं करायचा विषय निघतो आणि पहिला प्रश्न येतो, खर्च किती?

मोठ्या शहरात घर रिकामं करून देणारे ठेकेदार मिळतात. गावाकडं हे काम एका माणसाकडं नसतं. सामान काढायला मजूर, भंगार न्यायला भंगारवाला, माती टाकायला ट्रॅक्टरवाला, लाकूड उतरवायला सुतार आणि भिंत पाडायला जेसीबी असे चार-पाच जण लागतात. प्रत्येकाचा दर वेगळा असतो. म्हणून आधी कागदावर हिशोब मांडला तर फसगत होत नाही.

आधी ठरवा: नुसतं रिकामं करायचं की उतरवायचं?

ही दोन वेगळी कामं आहेत. घर रिकामं करणं म्हणजे आतलं सामान, भंगार, जुनं धान्य, कचरा बाहेर काढणं. घर उतरवणं म्हणजे माळवद, तुळया, भिंती काढून जागा मोकळी करणं. पहिल्याचा खर्च काही हजारांत भागतो. दुसऱ्याचा त्याच्या सात-आठ पट होऊ शकतो. गुत्तं देताना यातलं नेमकं कोणतं काम दिलं, हे बोलून घ्यावं. बहुतेक भांडणं इथंच होतात.

नुसतं रिकामं करण्याचा हिशोब

समजा पाच खणांचं घर आहे. चार मजूर दोन दिवस लागले, तर आठ हजेऱ्या झाल्या. गावात हजेरी ५०० रुपये धरली तर ४,००० रुपये होतात. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या तीन खेपा, खेपेला ६०० प्रमाणे १,८०० रुपये. हातमोजे, तोंडाला मास्क, पोती, चहापाणी यांचे ७०० धरा. एकूण ६,५०० रुपये. आपल्या गावात हजेरी आणि खेपेचा जो दर चालू असेल तो यात घालावा, हिशोबाची रीत तीच राहते.

माळवद उतरवण्याचा हिशोब

माळवदाच्या घरात खरा खर्च मातीचा असतो. ती मोजायची रीत सोपी आहे. लांबी, रुंदी आणि जाडी फुटात घेऊन गुणाकार करा आणि १०० ने भागा, ब्रास निघतात. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास.

घर ३० फूट बाय २० फूट आहे आणि माळवदावर एक फूट माती आहे, असं धरू. वरची माती ६०० घनफूट, म्हणजे ६ ब्रास. चारी बाजूंच्या भिंती मिळून १०० फूट, उंची १० फूट, जाडी २ फूट. म्हणजे २,००० घनफूट, २० ब्रास. एकूण २६ ब्रास झाले. दाबून बसलेली माती उकरली की फुगते. पाव हिस्सा वाढ धरली तर साधारण ३३ ब्रास होतात. ट्रॉलीत एक ब्रास बसतो असं धरलं तर ३३ खेपा. ट्रॉली लहान-मोठी असते, म्हणून तिची आतली लांबी, रुंदी, उंची टेप लावून मोजून घ्यावी.

आता पैशाचा हिशोब असा:

- माळवदाची माती हाताने काढणं आणि लाकूड उतरवणं, ३६ हजेऱ्या, ५०० प्रमाणे: १८,००० रुपये
- सुतार तीन दिवस, ९०० प्रमाणे: २,७०० रुपये
- भिंतीसाठी जेसीबी सहा तास, तासाला १,२०० प्रमाणे: ७,२०० रुपये
- माती-दगडाच्या ३३ खेपा, ६०० प्रमाणे: १९,८०० रुपये

हे झाले ४७,७०० रुपये. त्यात सामान काढायचे ६,५०० मिळवले तर ५४,२०० रुपये होतात.

हा आकडा घरकुल मंजूर झालेल्यांनी नीट बघावा. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणचं मूळ अनुदान मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये आहे आणि ते हप्त्याहप्त्यानं खात्यात येतं. जुनं घर उतरवायचा खर्च त्यातूनच करायला गेलं तर जवळपास निम्मी रक्कम पायाच्या आधीच संपते. मग घरकुल जोत्यावर अडकतं. म्हणून जागा मोकळी करायचा पैसा वेगळा धरावा किंवा खर्च कमी करायचे मार्ग आधी बघावेत.

खर्च कुठं वाचतो?

पहिली बचत दगडाची. भिंत दगड-मातीची असेल आणि निम्मा दगड निघत असेल, तर तो बाहेर न टाकता जागेवर एका बाजूला रचावा. नव्या घराच्या पायाला तोच चालतो. वरच्या हिशोबात १० ब्रास दगड ठेवला तर ३३ ऐवजी २० खेपा लागतात. ७,८०० रुपये तिथंच वाचतात, वर पायासाठी दगड विकत घ्यावा लागत नाही.

दुसरी बचत पांढऱ्या मातीची. जुन्या घराची पांढरी माती शेतात टाकायला शेतकरी मागतात. उन्हाळ्यात, रानं रिकामी असताना काम काढलं आणि गावात आधी सांगून ठेवलं, तर माती लोक स्वतःच्या ट्रॉलीनं नेतात. पावसाळ्याच्या तोंडावर काम काढलं तर रानात ट्रॉली जात नाही, भाडं आपल्याच अंगावर पडतं.

तिसरी बचत लाकडाची. सागवानी तुळई, खांब, चौकट, कडीपाट याला चांगली मागणी असते. पण जेसीबी आधी घातला तर लाकूड मोडतं आणि सरपणाच्या भावानं जातं. म्हणून आधी माती, मग लाकूड, शेवटी भिंत हा क्रम सोडू नये. लाकूड गावाबाहेर न्यायचं असेल तर वाहतूक परवान्याबद्दल वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारून घ्यावं, नाहीतर गाडी वाटेत अडकू शकते.

गुत्तं कसं द्यावं?

तीन पद्धती चालतात. एक, हजेरीवर. यात घरचा माणूस उभा पाहिजे, नाहीतर दिवस वाढतात. दोन, उक्तं गुत्तं. ठरलेल्या रकमेत सगळं काम. तीन, मालाच्या बदल्यात. म्हणजे "लाकूड-भंगार तुम्ही न्या, जागा मोकळी करून द्या."

तिसरी पद्धत फुकट वाटते, पण सर्वांत जास्त नुकसान तिच्यातच होतं. व्यापारी लाकूड आणि पत्रे दोन दिवसांत नेतो आणि मातीचा ढीग तसाच राहतो. असा सौदा करायचाच असेल तर आधी तुळया-खांब मोजून, फोटो काढून वेगळी किंमत काढावी. माती हलल्याशिवाय शेवटचं लाकूड हलू देऊ नये.

भंगार विकताना "सगळं मिळून किती देता?" असं विचारू नये. तांबं, पितळ, लोखंड, पत्रा, ॲल्युमिनियम वेगवेगळं करावं आणि वेगळं वजन करावं. घंगाळ, हंडे, परात लोखंडाच्या ढिगात गेले की पितळेची किंमत बुडते. शक्य झालं तर गावातल्या दुकानाच्या किंवा सोसायटीच्या काट्यावर आधी वजन करून घ्यावं.

कागदाच्या ट्रंकेला आधी हात लावा

मजूर बोलावण्याआधी घरच्यांनी दोन दिवस कागदांसाठी द्यावेत. कोनाडे, ट्रंका, फडताळं, देवघरामागची जागा, भिंतीतलं बळद हे सगळं बघावं. पिवळे पडलेले, वाळवी लागलेले कागद कचरा समजून जाळले जातात आणि नंतर नातवाला जात पडताळणीसाठी पुरावा सापडत नाही.

जात पडताळणीत जुन्या तारखांच्या पुराव्याला महत्त्व आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे पुरावे मागतात. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुनं खरेदीखत, कुळाचे कागद यातलं एक पानही कामाला येतं. मोडीतला कागद वाचता येत नाही म्हणून टाकू नये. मोडी वाचणारी माणसं मिळतात.

जुनी पासबुकं आणि मुदत ठेवीच्या पावत्याही जपाव्यात. दहा वर्षं ज्या ठेवीला कुणी हात लावला नाही, ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारसांचा हक्क संपत नाही. रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव टाकून अशी ठेव शोधता येते. पैसे मात्र त्या बँकेतच मागावे लागतात.

नोटा, दागिने सापडले तर

डब्यात, गादीत पैसे सापडतात. २०१६ मध्ये बंद झालेल्या ५०० आणि १,००० च्या नोटा आता बदलून मिळत नाहीत. उलट अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवल्या तर २०१७ च्या कायद्यानं दंड होऊ शकतो. "जुन्या नोटा लाखाला घेतो" म्हणणाऱ्या मोबाईलवरच्या जाहिरातींच्या नादी लागू नये. २,००० ची नोट वेगळी आहे. ती मे २०२३ मध्ये चलनातून मागं घेतली, पण रिझर्व्ह बँकेच्या बेलापूर आणि नागपूरसारख्या ठराविक कार्यालयांत बदलण्याची सोय ठेवली आहे. पोस्टानंही पाठवता येते.

जमिनीत किंवा भिंतीत पुरलेलं धन निघालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपयांच्या वरची किंमत असली तरी हा नियम लागतो. लपवलं आणि नंतर बाहेर आलं तर गुन्हा होतो.

सगळ्या वारसांना सांगा, बहिणींना पण

एकानं कुलूप तोडलं आणि दुसऱ्यानं पोलिसांत तक्रार दिली, असं होऊ नये. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीनं तो दिला आणि सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. म्हणून भावांबरोबर बहिणींचीही लेखी संमती घ्यावी. घर उघडताना व्हिडिओ काढावा आणि सामानाची यादी करून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. आईच्या हातची भांडी कुणाला हवीत, हे भंगारवाला यायच्या आधी विचारावं. नंतर ती पैशानं परत मिळत नाहीत.

जीवाची काळजी

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसं दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली गेली, हे मराठवाडा विसरलेला नाही. वरच्या हिशोबातल्या घराच्या माळवदावर कोरडी असतानाच चोवीस-पंचवीस टन माती असते. पावसात ती आणखी जड होते. म्हणून खालून खांब काढणं, भिंतीचा पाया उकरणं असले प्रकार करू नयेत. वरून खाली यावं. शेजाऱ्याची भिंत सामाईक असेल तर ती जेसीबीनं पाडू नये, आधी त्याला लेखी सांगून टेकू द्यावा.

- काम सुरू करण्याआधी महावितरणकडे अर्ज करून वीज कायमची तोडून घ्यावी. नुसता फ्यूज काढून भागत नाही.
- जुनं पेव उघडलं तर लगेच आत उतरू नये. बंद पेवात प्राणवायू नसतो. एक पडला म्हणून दुसरा उतरतो आणि दोघंही जातात.
- अडगळीत साप, विंचू असतातच. काठीनं हलवूनच वस्तू उचलावी. चावा झाला तर १०८ ला फोन करून सरकारी दवाखान्यात न्यावं, मांत्रिकाकडं नाही.
- फवारणीच्या जुन्या बाटल्या, पावडरचे डबे भंगारात देऊ नयेत, जाळू नयेत, घरात वापरू नयेत.
- सिमेंटचे जुने पत्रे फोडू नयेत. त्यातली ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात बसते. ओले करून अख्खे उतरवावेत.

घर पाडलं, पण नोंद राहिली पाहिजे

घर उतरवण्याआधी चारी बाजूंचे फोटो, लांबी-रुंदीची मापं आणि चतुःसीमा लिहून ठेवावी. थकलेली घरपट्टी भरून पावती घ्यावी. ग्रामपंचायतीकडून नमुना ८ चा उतारा काढावा आणि स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकाही काढावी. घर पाडल्यावर ग्रामपंचायतीला लेखी कळवून पोच घ्यावी, म्हणजे जागा मोकळी दिसली तरी मालकीचा वाद होत नाही. नवं बांधकाम करायचं असेल तर त्याची परवानगी वेगळी घ्यावी.

जागा मोकळी झाल्यावर त्याच आठवड्यात चारी कोपऱ्यांवर खुणेचे दगड रोवावेत. पहिल्या पावसात कडा वाहून जातात आणि मग हद्द कुठं होती हे सांगायला कुणी उरत नाही.