एकाच बीजाची दोघे

हुबेहूब दिसणारी जुळी समोर आली की आपली नजर साम्य शोधू लागते. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकांनी मात्र आधी त्यांच्यातले फरक पाहावेत, अशी माझी विनंती आहे. या शास्त्राची श्रीमंती तिथे आहे.

हजार बाळंतपणांत तीन-चार वेळा एकच फलित अंड दुभंगते आणि त्यातून दोन जीव वाढू लागतात. ते पहिल्या तीन दिवसांत दुभंगले तर दोघांना स्वतंत्र वार मिळते. नंतर दुभंगले तर वार बहुधा सामाईक असते, आणि तिच्यातून दोघांना सारखेच रक्त मिळेल याची खात्री नसते. जनुके जवळजवळ तीच, तरी परिस्थिती जन्माआधीच वेगळी होते. त्यांच्या बोटांचे ठसेही जुळत नाहीत.

निसर्ग आणि संगोपन यांचा वाटा ताडण्यासाठी जुळ्यांकडे पाहावे, हे फ्रान्सिस गाल्टन यांनी 1875 मध्ये सुचवले. एकयुग्मज (एकाच फलित अंडापासून झालेल्या) जुळ्यांची द्वियुग्मज (दोन वेगळ्या अंडांपासून झालेल्या) जुळ्यांशी तुलना करण्याची पद्धत 1920च्या दशकात रुळली. पुढे ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत तिथला डॉक्टर मेंगेले याने जुळ्या मुलांवर अमानुष प्रयोग केले. हा इतिहास वगळून या शास्त्राची ओळख करून देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आजचे संशोधन स्वेच्छेने नाव नोंदवणाऱ्या जुळ्यांवर उभे आहे. डेन्मार्कमधली नोंदवही 1954 पासून चालू आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या या विश्वासाचा आम्हा अभ्यासकांना अभिमान वाटतो.

एका ठिकाणी तुम्ही थोडे थांबावे. उंचीची आनुवंशिकता सुमारे 80 टक्के, असे वाचनात येईल. तुमच्या उंचीतला 80 टक्के भाग जनुकांनी दिला, असा त्याचा अर्थ नव्हे. एका लोकसमूहात माणसामाणसांच्या उंचीत जी तफावत दिसते, तिच्यापैकी एवढी जनुकीय फरकांशी निगडित आहे, इतकेच तो आकडा सांगतो. समूह बदलला, आहार बदलला, की आकडाही बदलू शकतो. वृत्तपत्रांतले बहुतेक गैरसमज इथूनच निघतात.

स्किझोफ्रेनियाचेच पाहा. त्यात जनुकांचा वाटा मोठा आहे. तरीही एकयुग्मज जुळ्यांपैकी एकाला तो झाला, तर दुसऱ्याला न होण्याचीच शक्यता अधिक असते. त्या दुसऱ्याला कशाने वाचवले, याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही.

वाचकांनी प्रारंभ गर्भावस्थेपासून करावा. सांख्यिकीची पाने पहिल्या वाचनात बाजूला ठेवली तरी चालतील.