कोल्हापुरात स्वतःचं समुपदेशन केंद्र: फीचा हिशोब, कायदा आणि गुप्तता

राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत एक खोली भाड्याने घेतली, दोन खुर्च्या ठेवल्या की समुपदेशन केंद्र सुरू झालं, असं वाटू शकतं. प्रत्यक्षात हा एक छोटा व्यवसायच असतो आणि इथे विकला जातो तो वेळ.

हिशोब कसा बसतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका भेटीची फी ७०० रुपये, दिवसाला ४ भेटी आणि महिन्याला २४ दिवस काम. एकूण जमा ६७,२०० रुपये. भाडं, मदतनीस, वीज, फोन यांचे २५,००० वजा केले की ४२,२०० उरतात. पण चारपैकी एक जण ऐनवेळी आला नाही, तर जमा ५०,४०० वर येते आणि हातात २५,४०० राहतात. भेटी पाव टक्क्याने नव्हे, पाव हिश्श्याने कमी होतात. कमाई मात्र सुमारे ४० टक्क्यांनी घटते. म्हणून भेट रद्द करण्याचा नियम पहिल्याच दिवशी सांगितलेला बरा.

पाटीवर काय लिहिता येतं?

मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, ते औषधं देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. समुपदेशकाला औषध सुचवता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०६ नुसार, आपल्या व्यवसायक्षेत्राबाहेरचं औषध किंवा उपचार सुचवायला मनाई आहे.

कागदपत्रं कोणती?

दोन-तीन माणसांच्या केंद्राला दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना पुरते. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. उद्यम नोंदणी मोफत होते.

खरी कसोटी

कोल्हापुरात ओळखीचं माणूस कुठेही भेटतं. प्रतीक्षाकक्षात शेजारची काकू दिसली, तर येणारा पुन्हा येत नाही. म्हणून दोन भेटींमध्ये १५ मिनिटांचं अंतर, जाड दरवाजा आणि कुलूपबंद नोंदी हा खर्च टाळण्यासारखा नाही. याच कायद्याचं कलम २३ रुग्णाला गुप्ततेचा हक्क देतं.

ज्यांना फी परवडत नाही, त्यांना सीपीआर रुग्णालय किंवा टेली-मानस हेल्पलाइन (१४४१६, मोफत) सुचवता येते. तातडीचा धोका दिसला, तर रुग्णालयात पाठवणं हेच पहिलं काम.