आजीने धुऊन काढलेला तुरटपणा

मे महिन्यात पेण-रोह्याकडे घरोघरी आंबे-फणस खाल्ले जातात आणि कोयी, आठळ्या उकिरड्यावर जातात. "डॉक्टर, या कोयींत भरपूर अँटिऑक्सिडंट असतात म्हणे. पूड करून रोज घेऊ का?" हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात. उत्तरासाठी थोडं मागे जाऊ.

कोकणात पूर्वी बी सहसा फेकत नसत. आठळ्या पावसाळ्यासाठी साठवायच्या, उकडून किंवा भाजून खायच्या. कोकमाच्या बिया कुटून उकळायच्या आणि वर तरंगणाऱ्या तेलाचे थिजल्यावर मुठीने गोळे वळायचे. हे मुठेल भेगाळलेल्या टाचांना लावत. टंचाईच्या काळात देशात अनेक ठिकाणी आंब्याच्या कोयीतल्या गराचंही पीठ केलं जाई. पण आधी तो गर पाण्यात भिजवून, धुऊन त्याचा तुरटपणा काढत.

गंमत इथेच आहे. हा तुरटपणा म्हणजे टॅनिन, आणि आज प्रयोगशाळेत अँटिऑक्सिडंट म्हणून मोजतात त्यात टॅनिन मोठ्या प्रमाणात असतं!

ही मोजणी कशी सुरू झाली? १९५६ मध्ये अमेरिकेतल्या डेनहॅम हार्मन यांनी मांडलं, की शरीरातले 'फ्री रॅडिकल' पेशींची झीज करतात आणि त्यातून म्हातारपण येतं. १९५८ मध्ये ब्लॉइस यांनी सोपी चाचणी दिली: जांभळ्या रसायनात अर्क घालायचा, रंग जितका उतरेल तितका अर्क प्रभावी. कोयीचा अर्क या परीक्षेत उत्तम गुण मिळवतो. पण ही परीक्षा काचेच्या नळीतली आहे, माणसाच्या शरीरातली नाही.

हा फरक केवढा महाग पडू शकतो, ते फिनलंडमध्ये दिसलं. तिथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर अँटिऑक्सिडंट गोळ्यांची चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी सुमारे १८ टक्के जास्त आढळला.

म्हणून माझं उत्तर असं: आठळ्या उकडून जरूर खा, त्या चांगलं अन्न आहेत. कोयीची पूड औषध म्हणून रोज घेऊ नका. टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, आणि रक्त कमी असलेल्यांना ते परवडणारं नाही. आणि जांभळाच्या बियांच्या पुडीवर भरवसा ठेवून मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन कधीही बंद करू नका.