निर्मातामुद्रा आणि लष्करी खंजिरांचा अस्सलपणा : झोलिंगेन येथील खंजिरांच्या संदर्भात

शस्त्राच्या पात्यावर निर्मात्याची मुद्रा आढळली की त्याचा काळ व अस्सलपणा सिद्ध झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. नाझी राजवटीत जर्मनीतील झोलिंगेन शहरात तयार झालेले खंजीर तपासले असता हा समज टिकत नाही.

झोलिंगेन मध्ययुगापासून पात्यांसाठी प्रसिद्ध आहे. येथील कारखाने आपापली मुद्रा पात्यावर उमटवीत. कार्ल आइकहॉर्न यांच्या कारखान्याची खार संग्राहकांना सुपरिचित आहे. परंतु तिची ठेवण वेळोवेळी बदलल्यामुळे ती कोणत्या वर्षांतील आहे, हेही पाहावे लागते. डिसेंबर १९३३ मध्ये नाझी पक्षाच्या ‘एसए’ या निमलष्करी दलाचा खंजीर निश्चित झाला. आरंभीच्या खंजिरांवर कारखान्याची मुद्रा असून मुठीचे धातूचे भाग जर्मन सिल्व्हरचे आहेत. पुढे पक्षाच्या साहित्यनिर्मितीवर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘आरझेडएम’ या कार्यालयाने कारखान्यांना सांकेतिक क्रमांक दिले. आइकहॉर्नचा क्रमांक ‘एम ७/६६’ होता. कालांतराने धातूही हलका झाला. संक्रमणकाळातील काही पात्यांवर मुद्रा व क्रमांक दोन्ही दिसतात, हे खरे. तथापि उत्तरकालीन पाते आणि आरंभीची मूठ एकत्र आढळल्यास शंका घेणे भाग आहे. भूदलाच्या अधिकाऱ्यांसाठी १९३५ मध्ये ठरविलेला खंजीर पक्षाच्या कार्यालयाच्या कक्षेत येत नव्हता. त्यावर ‘आरझेडएम’चे चिन्ह दिसणे हीच संशयाची बाब होय. उलट, मुद्रा नसलेले अस्सल लष्करी खंजीरही उपलब्ध आहेत.

या संदर्भात एर्न्स्ट र्‍योम याच्या अर्पणलेखाचे उदाहरण विशेष बोलके आहे. एसएचा प्रमुख असताना त्याने १९३४ च्या आरंभी जुन्या सदस्यांना आपल्या स्वाक्षरीसह स्नेहलेख कोरलेले खंजीर दिले. जून-जुलै १९३४ मधील हत्याकांडात तो मारला गेला आणि हा लेख घासून टाकण्याचा आदेश निघाला. काहींनी संपूर्ण लेख, तर काहींनी केवळ नाव घासले. परिणामी, खराब झालेले पाते हाच येथे इतिहासाचा पुरावा ठरतो. अखंड लेख दुर्मीळ, म्हणून महाग. साहजिकच सामान्य पात्यांवर तो नव्याने कोरण्याचे उद्योग झाले. तेथे मुद्रा खरी असते, लेख खोटा असतो.

याहून अवघड प्रश्न १९४५ नंतरचा आहे. कारखान्यांत उरलेली पाती, मुठी व म्याने जोडून संग्राहकांसाठी खंजीर तयार करण्यात आले. त्यांतील पाते अस्सल, मुद्राही अस्सल. मात्र तो खंजीर कोणाही सैनिकाच्या कमरेला कधी लागलेला नाही. मूठ उतरवून पात्याच्या आतल्या टोकावरील गंज, मुठीच्या लाकडाची झीज आणि म्यानात वारंवार सरकल्याने पात्यावर उमटलेल्या रेषा परस्परांशी जुळतात काय, हे पाहिल्यावाचून असा खंजीर ओळखता येत नाही. म्हणूनच संग्रहालयाच्या नोंदवहीत पात्याचा काळ आणि खंजीर जोडल्याचा काळ या दोन नोंदी स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे.