दिव्याखालचा अंधार

समुद्रकाठचे दीपगृह म्हटले की मनात प्रथम परोपकाराची कल्पना येते. येणाऱ्याजाणाऱ्याचे निशाण न विचारता सर्वांस सारखाच उजेड देणारी अशी दुसरी इमारत माणसाने क्वचितच बांधली असेल, असे आम्हांसही वाटत असे. कॅरिबियन समुद्रातील कुलेब्रिता बेटावरचे ओसाड दीपगृह पाहून आल्यापासून मात्र या समजुतीस थोडी मुरड घालावी लागली आहे.

प्वेर्तो रिकोच्या पूर्वेस सुमारे १७ मैलांवर कुलेब्रा हे बेट आहे. स्पॅनिश भाषेत कुलेब्रा म्हणजे साप, आणि त्याच्या पूर्वेचे चिमुकले निर्जन बेट म्हणजे कुलेब्रिता, सापाचे पिल्लू. लहानशा यांत्रिक होडीतून आम्ही तेथे उतरलो. काटेरी झुडपांतून वर जाणारी पायवाट सुमारे ३०० फूट उंचीच्या माथ्यावर नेते. घामाने निथळत वर पोहोचताच दगडविटांची एक मोठी चौकोनी इमारत व तिच्या मधोमध उभा असलेला मनोरा समोर आला. छप्पर ढासळलेले, भिंतींना तडे गेलेले, लोखंड गंजून सोललेले. आत जाण्यास मनाई आहे. तेव्हा बाहेरूनच, ज्या खोल्यांत एके काळी दीपरक्षकांचे संसार नांदले, त्या रिकाम्या खोल्या आम्ही पाहिल्या.

पूर्वेकडे नजर टाकली तेव्हा क्षितिजावर सेंट टॉमसचे डोंगर दिसले, आणि हे दीपगृह नेमके येथेच का, याचा उलगडा झाला. एकोणिसाव्या शतकात सेंट टॉमस डेन्मार्कच्या ताब्यात होते व त्यापलीकडील टोर्टोला इंग्रजांच्या. मधल्या या बेटांवर स्पेनचा हक्क केवळ कागदोपत्री होता. म्हणून १८८० साली कुलेब्रावर सान इल्देफोन्सो नावाचे गाव वसवण्यात आले, आणि दोनच वर्षांनी, १८८२ च्या सप्टेंबरात, कुलेब्रितावर दीपगृहाचे काम सुरू झाले. २५ फेब्रुवारी १८८६ रोजी ते पुरे झाले. खलाशांस त्याचा उपयोग होता, यात शंका नाही. परंतु या मुलुखाचा धनी कोण, हे शेजारच्या दोन सत्तांस रोज रात्री बजावून सांगणे हाही त्या दिव्याचा हेतू होता. दगडात लिहिलेली ती एक सनदच होती म्हणा ना!

ही सनद बारा वर्षे टिकली. १८९८ च्या युद्धात स्पेन हरला आणि प्वेर्तो रिकोसह ही बेटे अमेरिकेकडे गेली. दिवा तोच राहिला, धनी बदलला. विसाव्या शतकाच्या आरंभीच आरमारी तळासाठी सान इल्देफोन्सोच्या रहिवाशांस गाव सोडावे लागले. जे नवे गाव वसले त्यास मनिलाच्या लढाईतील विजयी नौसेनापती ड्यूई यांचे नाव मिळाले. १९०९ साली याच द्वीपसमूहात समुद्रपक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर झाले, आणि १९३९ पासून त्याच द्वीपसमूहावर आरमाराच्या तोफांचा व विमानांचा सराव होऊ लागला. पक्ष्यांस अभय देणाऱ्या सरकारास हजाराच्या आतली ती मनुष्यवस्ती दिसली नाही, हे नवल खरेच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दूरच्या जहाजांना वाट दाखवणाऱ्या त्या ज्योतीच्या छायेत लोक तोफांच्या धडाक्यात दिवस काढीत होते.

अखेर लोक उठले. १९७१ साली रूबेन बेरीओस व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लामेंको किनाऱ्यावर ठाण मांडले आणि त्यापायी तुरुंगवास पत्करला. १९७५ साली कुलेब्रावरील भडिमार थांबला. शेजारच्या व्येकेस बेटास मात्र त्यानंतरही २००३ पर्यंत तो सोसावा लागला. फ्लामेंकोच्या शुभ्र वाळूत रणगाड्यांचे गंजके सांगाडे अजून उभे आहेत. मुले त्यांवर चढून खेळतात.

योगायोग असा की, कुलेब्रिताचा दिवाही १९७५ सालीच बंद झाला. १९८१ साली ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत त्याची नोंद झाली खरी, परंतु १९८९ च्या ह्यूगो व १९९५ च्या मॅरिलिन या वादळांनी, नोंदीस न जुमानता, इमारत खिळखिळी केली.

मग असे दीपगृह पडू द्यावे काय? ज्या सत्तांनी ते बांधले आणि राखले त्यांनी तेथील लोकांचे भले पाहिले नाही, म्हणून त्याचे दगड वाऱ्यावर सोडावेत, हा विचार क्षणभर आमच्याही मनात आला. पण किल्ल्यांच्या मुलुखात वाढलेल्या आम्हां लोकांस तो पटणे कठीण. पडकी भिंत बांधणाऱ्याचे गुण गात नाही; ती साक्ष देते, आणि साक्षीदार जितका जुना तितका जपावा. कुलेब्रिताचे दीपगृह कोसळले तर स्पेनचे वा अमेरिकेचे काही जाणार नाही. जाईल ते कुलेब्राच्या लोकांचे. कारण आपल्या नावाने कोणी कोणी दावे केले, हे सांगणारा तेथील सर्वांत मोठा पुरावाच नाहीसा होईल.

आमच्या घरांतून दिवा विझला असे म्हणत नाहीत. तो अपशकुन मानतात. दिवा मालवला असे म्हणावयाचे, म्हणजे पुन्हा लागण्याची आशा शब्दात राहते. संध्याकाळ होऊ लागली तशी होडी परतीस लागली. माथ्यावरचा मनोरा काळा होत गेला, आणि पलीकडे कुलेब्राच्या घरांतून एकेक दिवा लागू लागला. त्या मनोऱ्याविषयी बोलताना आम्हीही तोच शब्द वापरला.