गुपित आणि हुन्नर : गोपनीयता कराराची भारतीय वाटचाल

भारतात धंद्याच्या गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नसल्यामुळे गोपनीयतेचा करार १८७२ च्या करार कायद्याच्या आश्रयाने, आणि विशेषतः त्याच्या २७ व्या कलमाच्या धाकात वाढला. कोणालाही कायदेशीर व्यवसाय वा धंदा करण्यास मज्जाव करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो, असे हे कलम सांगते आणि धंद्याचा नावलौकिक विकणाऱ्यापुरताच अपवाद करते. इंग्लंडातील न्यायालये असा निर्बंध वाजवी आहे की नाही हे पाहत. न्यूयॉर्कच्या डेव्हिड डडली फील्ड यांच्या संहितेवरून बेतलेल्या भारतीय कलमाने ती मोकळीक ठेवली नाही. त्यामुळे ‘गुपित फोडणार नाही’ आणि ‘तोच धंदा करणार नाही’ ही दोन वचने मालक एका दमात लिहून घेत असले, तरी न्यायालयात ती वेगवेगळी तोलली जाऊ लागली.

नोकरी सुटल्यावर पाच वर्षे चाळीस मैलांच्या परिसरात चहाचा धंदा न करण्याचे आसामच्या मळ्यावरील नोकराचे वचन कलकत्ता उच्च न्यायालयाने १८८५ मध्ये निरर्थक ठरवले. याउलट झांजीबारमधील एका डॉक्टरकडे तीन वर्षांच्या कराराने राहिलेल्या साहाय्यकाने मुदतीआधीच स्वतःचा दवाखाना थाटला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या मुदतीपुरती त्याला मनाई केली. नोकरीची मुदत चालू आहे की संपली, यावर सारे अवलंबून होते.

या भेदाची खरी कसोटी कल्याणला लागली. टायरला बळकटी देणारा ‘टायर कॉर्ड’ धागा काढण्यासाठी सेंच्युरी कंपनीने १,४०,००० जर्मन मार्क मोजून हॉलंड व जर्मनीतील कंपन्यांकडून तंत्रज्ञान घेतले. ते गुप्त राखण्याची आणि कर्मचाऱ्यांकडूनही तसेच लिहून घेण्याची अट त्यात होती. परदेशी कंपनीने देशी कंपनीला घातलेली अट अशी पाळी-पर्यवेक्षकाच्या नेमणूकपत्रापर्यंत झिरपली. मार्च १९६३ पासून पाच वर्षांसाठी बांधला गेलेला असाच एक पर्यवेक्षक, कारखान्यातच प्रशिक्षण घेऊन, १९६४ मध्ये कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. कसब शिकलेल्याचेच असते, हे तत्त्व इंग्लंडच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, म्हणजे हाऊस ऑफ लॉर्ड्सने, १९१६ मध्येच मान्य केले होते. पण १९६७ च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने खास दिलेले प्रशिक्षण आणि शिल्लक मुदत यांना महत्त्व देऊन १५ मार्च १९६८ पर्यंतची मनाई कायम ठेवली. मनाईला शेवटची तारीख होती आणि ती टायर कॉर्डच्या कामापुरती होती, म्हणूनच ती टिकली. ‘कंपनीची सर्व माहिती’ अशा सैल शब्दांत कायमचे तोंड बांधू पाहणाऱ्या मसुद्यांनी हा निकाल आधार म्हणून पुढे करावा, हे म्हणूनच विचित्र वाटते.

शब्दांच्या सैलपणाचा फटका १९८० मध्ये मालाची तपासणी करणाऱ्या एका कंपनीला बसला. कंपनी ‘सोडल्यानंतर’ दोन वर्षे, शेवटच्या नेमणुकीच्या ठिकाणी, तोच धंदा करू नये, असे शाखा-व्यवस्थापकाच्या करारात होते. त्याला मात्र कंपनीनेच काढून टाकले होते. न्यायमूर्ती अ. प्र. सेन यांनी नोकरीनंतरचा असा निर्बंध २७ व्या कलमाखाली मुळातच अवैध मानला. न्यायमूर्ती तुळजापूरकर यांनी तेवढ्या खोलात शिरण्याचीही गरज मानली नाही. ‘सोडणे’ म्हणजे आपणहून सोडणे, एवढ्या अर्थावरच त्यांनी कंपनीचे अपील निकालात काढले.